तेलाचा काटा

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे आणि स्वभावाने भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण मला बघून कुणालाही तसे वाटत नाही. लांबलचक नाक, तारांची चाके, गडद हिरवा रंग, दोघांपुरतीच जागा आणि हवे तेव्हा दुमडता येणारे कापडी छत. माझ्यासारखीला स्पोर्ट्स कार म्हणतात. लोकांना वाटते, हिला वेगाचे वेड असणार, ही कशाला घाबरते! पण वेग ही माझ्या हातातली गोष्ट कधीच नव्हती. ज्याच्या हातात चाक, त्याच्या हातात माझा जीव. जन्मभर दुसऱ्याच्या हातात जीव देऊन बसायचे, म्हणजे भीती वाटणारच.

माझा जन्म ब्रिटनमधल्या एका कारखान्यात झाला. लोखंडी चॅसीवर, म्हणजे तळच्या चौकटीवर, सुताराने लाकडी सांगाडा बसवला, त्यावर पत्रा ठोकला, रंगाचे हात दिले. शेवटी एक म्हातारा कारागीर आला. त्याने हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या माझ्या दोन कार्बोरेटरांना रबराची नळी लावली, नळीचे दुसरे टोक स्वतःच्या कानात धरले आणि दोघांचा श्वास एकसारखा होईपर्यंत तो स्क्रू फिरवत राहिला. कुणी आपले इतके कान देऊन ऐकते आहे, हे मला फार आवडले. त्यानंतर मला जहाजाच्या पोटात उतरवले. तिथला अंधार आणि पायाखाली डुलणारी जमीन, ही माझी पहिली भीती.

मी ज्यांच्याकडे आले ते दातांचे डॉक्टर होते. एकटेच राहायचे. दिवसभर लोक त्यांच्यापुढे थरथरत बसायचे आणि संध्याकाळी ते माझ्यापाशी येऊन शीळ घालत मला पुसायचे. रस्त्याने निघालो की माणसे वळून बघत. पण डॉक्टर कधीही मला सुरू करून लगेच निघाले नाहीत. आधी ते समोरच्या एका गोल तबकडीकडे बघत बसायचे. ती तेलाची तबकडी.

तिचे काम तुम्हाला समजायला हवे, कारण माझी सगळी गोष्ट तिच्यावरच येऊन ठेपते. इंजिनात लोखंडावर लोखंड फिरत असते. मध्ये तेलाचा पातळ थर असतो म्हणून ते निभावते. एक पंप ते तेल सगळीकडे ढकलतो आणि तेल पोचले की तबकडीतला काटा वर चढतो. काटा चढला नाही तर समजायचे, आत कोरडे आहे. मग इंजिन बघता बघता स्वतःलाच खाऊन टाकते.

डॉक्टर थकले, मग अंथरुणाला खिळले आणि एक दिवस गेले. त्यांच्या पुतण्याला माझे काय करावे ते कळेना. त्याने मला एका लाँड्रीच्या मागच्या शेडमध्ये नेऊन उभे केले आणि वर ताडपत्री टाकली. जाताना म्हणाला, "बघू नंतर." त्याचे ते नंतर काही उजाडले नाही.

मित्रांनो, त्या शेडबद्दल मी थोडक्यातच सांगेन. उंदरांनी माझ्या सीटमधला काथ्या उपसून माझ्याच धुराड्यात घर केले. टायर बसले. पिस्टन जागच्या जागी गंजून जाम झाले. शेजारी एक जुनी व्हॅन होती, माझ्यापेक्षा धडधाकट. एका दुपारी भंगारवाला गॅसचे नळकांडे घेऊन आला आणि त्याने तिचे तुकडे केले. ताडपत्रीच्या फाटक्या कडेतून निळी ज्योत दिसत होती. काम संपल्यावर तो माझ्याकडे आला, ताडपत्री उचलली, बॉनेटवर टिचकी मारली आणि म्हणाला, "हिला पुढच्या खेपेला." त्या दिवसापासून शेडचे दार कधीही करकरले की माझ्या तोंडचे पाणी पळायचे. रेडिएटरमध्ये थेंब नव्हता, तरी पळायचे.

पुढच्या खेपेला दार उघडले ते काकांनी.

काका शिवणयंत्रे दुरुस्त करायचे. त्यांचे दुकान जवळच होते आणि त्याच गाळ्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात काकू बटणे, दोरे, लेस आणि अस्तरे विकायच्या. सगळा परिसर त्यांना काका-काकूच म्हणायचा. काका लाँड्रीवाल्याचे यंत्र बघायला आले होते. ताडपत्रीखालून डोकावणारे माझे चाक त्यांना दिसले आणि ते तारांवरून बोट फिरवत कितीतरी वेळ उकिडवे बसून राहिले. काही दिवसांनी दोरखंड बांधून मला त्यांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये आणले.

काकूंनी कमरेवर हात ठेवून मला सगळीकडून न्याहाळले. "दोनच सीट? पाहुणे आले तर टपावर बसवणार का?"

"हिला टप कुठाय?" काका म्हणाले.

"म्हणजे तेही नाही." त्यांनी नाक मुरडले. पण दुसऱ्या दिवशी त्या मोजपट्टी घेऊन आल्या आणि सीटची मापे घेऊ लागल्या.

पुढची काही वर्षे मी तुकड्यातुकड्यांत राहिले. इंजिन बाहेर निघाले, माझ्या नाकात पोकळी झाली. जाम पिस्टनांवर काका डिझेल ओतून ठेवायचे आणि रोज सकाळी लाकडी दांड्याने हलकेच ठोकून बघायचे. एक दिवस ते हलले. मग सिलिंडरचा ठोकळा आणि मधला जाड दांडा एका लेथवाल्याकडे गेला. हा लेथवाला बडबड्या होता, पण हात साफ. काकांना तो म्हणायचा, "काका, शिवणयंत्रं करता करता तुम्ही थेट विमान शिवायला घेतलंत." झडपा मात्र काकांनी स्वतः बसवल्या. घासायची पेस्ट लावून, लाकडी काठी दोन तळव्यांत धरून ते ती फिरवत राहायचे, थांबायचे, बोट लावून बघायचे, पुन्हा फिरवायचे.

बोट लावून. हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. आधी मला वाटायचे, किती नाजूक हात आहे यांचा! मग दिसू लागले की काका हल्ली बघतच नाहीत, चाचपतात. पान्याकडे हात नेताना तो शेजारच्या डबीवर पडायचा. दिवा आधी छतापाशी असायचा, तो खाली खाली येत त्यांच्या गालापाशी आला. गॅरेजचे शटर अर्धे उघडे असायचे, त्याच्या कडेवर त्यांचे कपाळ दोनदा आपटले. एकदा त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला, म्हणजे त्यांना वाटले टेबलावर ठेवला. कप खाली फुटला. आतून काकूंचा आवाज आला, "काय झालं?"

"मांजर होतं," काका म्हणाले.

मांजर नव्हते.

काय ते मला काकूंकडूनच कळले. त्या माझ्या सीटवर बसून दाराच्या आतल्या पट्टीला टाके घालत होत्या. मोबाइल कान आणि खांदा यांच्यात धरलेला. पलीकडे त्यांची मोठी बहीण होती.

"ताई, मी जाऊन आले डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. ह्यांना न सांगता... काचबिंदू आहे. कडेचं सगळं गेलंय. नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं, तेही धूसर... नाही, गेलेलं परत येत नाही म्हणाले. आहे ते सांभाळायचं." सुई थांबली. "थेंब घालतात गं. ती बाटली बॉबिनच्या खोक्यात लपवून ठेवतात, मला काय कळत नाही? ... कसं विचारू? गाडी झाली की चालवणार, एवढंच तोंडात असतं. त्या एका गोष्टीवर उभे आहेत ते. ती मी कशी काढून घेऊ?"

फोन ठेवल्यावर त्यांनी तोच टाका उसवला आणि पुन्हा घातला.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझी झोप उडाली. ज्या दिवसाची मी इतकी वर्षे वाट बघितली, तो जवळ येत होता आणि मला तो नको होता. रस्त्यावर आडवे येणारे काय काय असते, ते मला माहीत होते. ते सगळे कडेनेच येते.

इंजिन पुन्हा माझ्यात उतरले. नव्या सीट बसल्या, छत बसले. रविवारी सकाळी सुरू करायचे ठरले. शनिवारी काकांनी शेवटची खात्री करायला घेतली. ठिणगी देणारे चारही प्लग काढून ते स्टार्टरने इंजिन नुसतेच फिरवू लागले. असे फिरवले की पंप तेल ओढतो आणि काटा थोडा तरी उठतो. ते फिरवत राहिले आणि वाकून, अगदी नाक लावून, तबकडीकडे बघत राहिले. काचेवर दिव्याचा उजेड पडला होता. त्याची एक लकाकती रेघ बरोबर मधोमध उभी होती.

"चढला," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखे हसू होते. त्यांनी काच बाहीने पुसली, प्लग परत बसवले आणि ते जेवायला गेले.

काटा चढला नव्हता. तो तळाशी होता तसाच होता. पंपाने एक थेंबही ओढला नव्हता आणि हे जगात फक्त मला माहीत होते. मला हॉर्न होता, पण तो वाजवायला माणसाचे बोट लागते. माझी पाचावर धारण बसली. उद्या सकाळी मला कोरडे पळवतील, माझ्या आत लोखंड लोखंडाला खाईल, आणि त्यातून वाचलेच तर एक जवळजवळ आंधळा माणूस मला रस्त्यावर नेईल.

दुपारी घर शांत झाल्यावर काकू आल्या. शटर त्यांनी आवाज न करता वर केले. बॉनेट उघडले, इकडे तिकडे बघितले आणि डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले. चारही प्लगना पाळीपाळीने वीज वाटून देणारी ती डबी. आत अंगठ्याएवढा एक तुकडा असतो, त्याला रोटर म्हणतात. तो नसला की ठिणगी नाही, आणि ठिणगी नसली की इंजिन नाही. काकांना मदत करता करता त्यांनी हे कधीतरी बघितले असणार. त्यांनी रोटर उपसला, झाकण पुन्हा बसवले आणि बॉनेटवर हात ठेवला.

"तुझ्यावर राग नाही गं माझा," त्या मला म्हणाल्या.

मला हायसे वाटले. लाज वाटली, पण हायसे वाटले.

रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. लेथवाला वाळूने भरलेली बादली घेऊन आला. पेट्रोल गळले आणि भडका उडाला तर असावी म्हणून. "मी लग्नाला आलोय की अंत्ययात्रेला, ते आत्ताच सांगा," तो म्हणाला. काकू दाराशी हातात फडके घेऊन उभ्या राहिल्या.

काका माझ्या सीटवर बसले. किल्ली फिरवली, स्टार्टरची खुंटी ओढली. मी खरखर फिरले. पेटले नाही. पुन्हा ओढली. नाही. काकांनी उतरून पेट्रोल बघितले, ते होते. प्लग बघितला, ठिणगी नव्हती. मग त्यांनी डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून आत बोट घातले. बोट तिथेच राहिले. काल स्वतःच्या हाताने बसवलेली वस्तू जागेवर नाही, हे त्यांना बोटानेच सांगितले.

ते सरळ उभे राहिले. "रोटर कुठाय?"

"माझ्याकडे," काकू म्हणाल्या.

"दे."

"देते. पण त्या सीटवर तुम्ही बसायचं नाही."

"का?"

काकूंनी फडक्याला पीळ घातला. "तुम्हाला दिसत नाही म्हणून."

काकांच्या मानेची शीर ताठ झाली. "कोण म्हणतं? मला सगळं दिसतं. तू दाराशी उभी आहेस. हातात फडकं आहे."

"आणि माझ्या शेजारी कोण आहे?"

"शेजारी कोण असणार? कुणी नाही."

काकूंपासून हातभर अंतरावर लेथवाला बादली घेऊन उभा होता. श्वास रोखून. त्याच्या बोलक्या तोंडाला कुलूप लागले होते. काकांनी मान वळवली आणि मग तो त्यांना दिसला.

"हा बाहेर गेलाय असं वाटलं मला," ते म्हणाले.

"बरं," काकू म्हणाल्या.

काका हट्टी होते. ते थोडा वेळ माझ्या मडगार्डवर बोटे वाजवत राहिले. "ठीक आहे. बस तू सीटवर. खुंटी ओढायला काय अक्कल लागते? पण ती सुरू झाली की कोपऱ्यापर्यंत मी नेणार. एकदाच." काकूंनी कमरेला लावलेल्या बटणांच्या पिशवीतून रोटर काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

अशा रीतीने, मित्रांनो, जिने जन्मात चाक धरले नव्हते ती बाई माझ्या चाकामागे बसली. काका उघड्या बॉनेटपाशी वाकले.

"हे बघ," ते म्हणाले. "सुरू झाल्यावर पायाने जरा पळती ठेव. झडपा हलवणारा दांडा नवा आहे, पहिल्यांदा हळू फिरला तर झिजतो. मी सांगेपर्यंत बंद करायची नाही. आणि तो तेलाचा काटा बघत राहा."

"चढला नाही तर?"

"चढेल. काल चढलाय."

काकूंनी खुंटी ओढली. मी फिरले, एकदा शिंकले, आणि पेटले.

इतक्या वर्षांनी माझा स्वतःचा आवाज मी ऐकला. गॅरेजच्या पत्र्यावर तो आपटून परत आला. धुराड्यातून पांढरा धूर आणि उंदरांच्या घराची शेवटची काडी बाहेर उडाली. काका हसत होते, डोळे मिटून हसत होते, दोन्ही तळवे माझ्या अंगावर टेकून. आणि माझ्या आत मरणाची भीती भरली होती, कारण तेल येत नव्हते. वरच्या दांड्याला कोरडी कळ येऊ लागली होती.

"काटा हलत नाही," काकू म्हणाल्या.

काकांना ऐकू गेले नाही.

"अहो, काटा खाली आहे!"

"अडकला असेल!" काका ओरडले. "जुनी तबकडी आहे! चालू ठेव, बंद केलीस तर नवा दांडा वाया जाईल!"

काकूंनी तबकडीवर बोटाने टकटक केले. काटा तळाशी. त्यांनी नवऱ्याकडे बघितले. सबंध आयुष्यात यंत्रांच्या बाबतीत त्यांनी त्यांचा शब्द मोडला नव्हता. मोडण्याचे कारणही नव्हते, काकांचे कधी चुकायचेच नाही. मी त्यांच्या पायाखाली ओरडत होते आणि मला शब्द नव्हते.

"चालू ठेव!"

त्यांनी किल्ली फिरवली.

शांतता इतकी एकदम आली की कान दुखले. काका बॉनेटवरून वर आले. चेहरा लाल झाला होता. "सांगितलं होतं ना! कळतं काय त्यातलं तुला? वर्षं घातलीत मी हिच्यात!"

काकू दोन्ही हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "काटा हलला नाही," त्या एवढेच म्हणाल्या.

लेथवाल्याने पाना उचलला. तबकडीच्या मागे येणारी बारीक नळी त्याने सोडवली आणि तिचे तोंड काकांच्या बोटावर टेकवले. बोट कोरडे राहिले.

"काका, थेंब नाही," तो हळू आवाजात म्हणाला.

"काल चढला होता. मी पाहिला."

लेथवाल्याने नळी त्यांच्या दुसऱ्या बोटावर टेकवली, तेही कोरडेच राहिले.

"मी पाहिला होता," काका पुन्हा म्हणाले, पण आता ते स्वतःलाच विचारत होते. चाचपत ते माझ्या दारापाशी आले आणि तबकडीच्या काचेवर त्यांनी बोट ठेवले. "लकाकत होतं काहीतरी. उभं. बरोबर मधे."

"दिव्याचं असेल," काकू म्हणाल्या.

काका खाली पायरीवर बसले. माझ्या बाजूला पायरी असते, चढायला. तिथे. ते म्हणाले, "मला वाटलं होतं, ही होईपर्यंत डोळे टिकतील. मग सांगेन तुला."

"मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"मांजराच्या आधीपासून."

काकांच्या ओठांवर हसू येता येता राहिले. "भीती वाटते गं," ते म्हणाले. "सकाळी जाग आली तरी मी डोळे मिटून पडून राहतो. आज किती उरलंय ते बघायचं धाडस होत नाही." काकूंनी उघड्या दारातून हात खाली नेला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला. लेथवाला आमच्याकडे पाठ करून, गरज नसताना, वाळू सारखी करत राहिला.

मग काका उठले. जे उठले ते यंत्रवाले काका होते. "पंपात हवा अडकलीय," ते म्हणाले. पंपावरचा एक स्क्रू त्यांनी बोटांनी शोधून काढला, शिवणयंत्राच्या लांब चोचीच्या तेलदाणीने त्या भोकातून पंप तेलाने काठोकाठ भरला, स्क्रू घट्ट केला. लेथवाल्याने प्लग काढले.

"मी नाही बघणार," काका म्हणाले. "तूच सांग. डोळ्यांत तेल घालून बघ आणि खरं ते सांग."

काकूंनी खुंटी ओढली. मी नुसतीच फिरू लागले. "खाली आहे," त्या म्हणाल्या. "खालीच आहे... अजून खाली." काका जागचे हलले नाहीत. "खाली." आणि मग त्यांचा आवाज बदलला. "थरथरतोय. उठला. थोडासा उठला. थांबा, पुन्हा बघते. हो, उठलाय."

"दिव्याची रेघ नाही ना?"

"दिवा बंद आहे."

प्लग पुन्हा लागले. मी दुसऱ्यांदा पेटले तेव्हा धूर इतका झाला की लेथवाल्याने बादली छातीशी कवटाळली. धुराड्यावर लागलेले ग्रीस जळत होते, तेवढेच. पण तो जळका वास आला आणि गॅसची ती निळी ज्योत मला पुन्हा दिसली. मी थरथरत होते. पण काकू दर थोड्या वेळाने काटा कुठे आहे ते मोठ्याने सांगत राहिल्या, आणि काका मान तिरपी करून ऐकत राहिले, त्या पहिल्या कारागिरासारखे नव्हे, तर पलीकडच्या खोलीत आजारी माणूस असावा तसे. तेल माझ्या अंगात गरम होऊन पसरत गेले. जोडताना काकांनी प्रत्येक बेअरिंगला हाताने वंगण चोपडले होते, त्यामुळे मघाची कोरडी कळ मी सोसली होती. आणखी जरा चालले असते तर सोसली नसती. हे नंतर लेथवाल्याने सांगितले, तेही दोनदा.

काकांनी हात वर केला. काकूंनी मला बंद केले. कोपऱ्यापर्यंत जाण्याचा विषय कुणी काढला नाही. काका माझ्या अंगावरून हात फिरवत मागे गेले, पुढे आले आणि किल्लीकडे न बघता आत जेवायला निघून गेले.

त्यानंतर काकूंनी ड्रायव्हिंगच्या शाळेत नाव घातले. त्यांच्या वयाची तिथे दुसरी कुणी नव्हती. शिकवणारा तरुण त्यांना "आजी, क्लच" म्हणायचा आणि त्या त्याला "काकू म्हण" म्हणायच्या. परवाना हातात आला तरी पुढचे कितीतरी दिवस त्या मला फक्त गॅरेजच्या दारापर्यंत आणायच्या आणि परत आत न्यायच्या. गियर असे किरकिरायचे की मला दातांच्या डॉक्टरांची आठवण यायची. मला त्यांची भीती वाटायची, त्यांना माझी.

अखेर एका सकाळी आम्ही बाहेर पडलो. छत दुमडलेले, काका डावीकडच्या सीटवर. ते आता चेहरे ओळखत नव्हते. काकू गोगलगाईच्या चालीने नेत होत्या. काका आवाज ऐकून म्हणायचे, "आता तिसरा टाक," आणि त्या टाकायच्या. कोपरा मागे गेला. बाजाराचा रस्ता गेला. काकांच्या केसांत वारा शिरला होता आणि त्यांनी तोंड वर केले होते.

एका गल्लीच्या तोंडाशी काकूंनी एकदम ब्रेक दाबला. माझी चारही चाके जागीच खिळली. एक मुलगी सायकलवरून सरळ माझ्या नाकासमोरून गेली. तिने वळूनही बघितले नाही. तिच्या वेणीची रिबन माझ्या दिव्याला लागते की काय एवढ्या जवळून ती गेली.

"काय झालं?" काकांनी विचारले.

"एक मुलगी होती सायकलवर. गेली."

"लागलं का तिला?"

"नाही."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, तरी काकू हलल्या नाहीत.

"कुठून आली?"

काकूंना सांगायचे नव्हते, ते मला जाणवले. पण आता त्यांच्यात खरे ते सांगायचे ठरले होते. "डावीकडून," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाजूने."

काकांनी हात पुढे करून माझ्या तबकड्यांच्या लाकडी फळीवर तळवा टेकवला. तो तिथेच ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "या बाजूलाही तूच बघत जा. मी ऐकतो."

मित्रांनो, मला अजूनही भीती वाटते. शटर करकरले की वाटते, गल्लीचे तोंड आले की वाटते. भीती गेली, असे सांगून मी तुमची समजूत काढणार नाही. पण तुम्हाला एक विनवणी करते. तुमच्या घरात कुणाचा हात कपाऐवजी हवेत जात असेल, कुणी चौकटीला आपटून मांजराचे नाव सांगत असेल, तर ऐकून सोडून देऊ नका. जवळ जा आणि विचारा. आणि तुमचीच काही भीती असेल, तर ती कुणाला तरी बोलून दाखवा. तुम्हाला तोंड आहे. मला नव्हते, म्हणून त्या रविवारी माझ्या आत लोखंडाने लोखंडाला जवळजवळ खाल्लेच होते.